बाटलीवर मतदान होतं, मग गावाचा कारभार बदलताना का नाही?

लिंबाखाली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जालना आणि परभणीच्या मधोमध, हायवेला लागून आमचं बाजाराचं गाव आहे. नाव लिहीत नाही, गावात आधीच दोन तट पडलेत. लोकसंख्या १४ हजारांच्या वर. तालुक्याचं ठिकाण नाही.

मागच्या मंगळवारी ग्रामपंचायतीच्या काचेच्या फळ्यात एक कागद लागला. बारीक टाइप, वरचा कोपरा डिंकानं ओला, अर्धा कागद पोलिओच्या जाहिरातीखाली झाकलेला. आधी कुणी वाचलाच नाही. माझी धाकटी जात पडताळणीच्या कामाला तिथं थांबली होती, तिनं फोटो काढून आणला. आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत करण्याची ती प्रारूप, म्हणजे कच्ची अधिसूचना आहे. हरकती आणि सूचना ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या.

मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवर. आमची ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं लिंबाखाली भरते, त्याच्या आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा. त्या सभेतूनच आम्ही गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला उठलो होतो. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणं गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा केल्या, तहसीलच्या लोकांनी सही न् सही तपासली, मग मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आणि अट अशी, की नुसतं आलेल्या मतांत जिंकून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला पाहिजे. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. कापूस वेचायचे दिवस होते. आम्ही पहाटे पाचला रानात जाऊन बायांना ट्रॅक्टरवर घेऊन आलो. एक आजी तर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते, काळा चष्मा लावून आली. दुकान बंद झालं.

आता मला कुणीतरी नीट समजावून सांगा. एक दुकान बंद करायचं तर शासन आमचं मत विचारतं. आणि अख्ख्या गावाचा कारभार बदलायचा, ग्रामसभा कायमची उठवायची, तेव्हा मत का विचारत नाही? रहिवाशांना स्वतःच्या गावाच्या, शहराच्या कारभाराची पद्धत बदलायचा किंवा राखायचा काही हक्क कायद्यात आहे का? २३ दिवस उरलेत.

मोंढा_गाळा_१२ | सोमवार, रात्री १०:१५

ताई, राग मानू नका, पण मी नगरपंचायतीच्या बाजूचा आहे. माझं आडत दुकान आहे, तुमच्यासारख्याच गावात. पावसाळ्यात मोंढ्याच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल, सोयाबीनची पोती भिजतात. नालीचं पाणी वाहून जायला जागा नाही. ग्रामसेवक दोन गावं सांभाळतो, आठवड्यात दोनदा भेटला तर भेटला. मागं एका गाळ्याला आग लागली तर अग्निशमनचा बंब तालुक्यावरून येईपर्यंत पत्रे वितळले होते. नगरपंचायत झाली की पूर्णवेळ मुख्याधिकारी येतो, शासनाच्या नगरोत्थान योजनेचा निधी मिळतो, घंटागाडी फिरते. ग्रामसभेत लोक येतात तरी किती? शंभर माणसं जमवायला दवंडी द्यावी लागते.

जुना_मुख्याधिकारी | मंगळवार, सकाळी ७:०५

नोकरीची बरीच वर्षं मराठवाड्यातल्या नगरपालिकांत गेली, म्हणून लिहितो.

ताई, सरळ उत्तर आधी देतो. नाही. आपल्या कायद्यात रहिवाशांनी मतदान करून कारभाराची पद्धत बदलायची सोय नाही. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याच्या सूचीतला विषय. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली आणि कलम २४३ क्यू आलं. गावातून शहर होत चाललेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगर परिषद, मोठ्याला महानगरपालिका. कुठलं गाव कुठल्या पायरीवर, हे राज्यपालांच्या अधिसूचनेनं ठरतं, म्हणजे प्रत्यक्षात नगरविकास विभागात. राज्याचा कायदा १९६५ चा. त्याआधी आपल्याकडं १९५६ चा हैदराबादचा जिल्हा नगरपालिका कायदा चालायचा. कायदे बदलले, पण ठरवायचं वरूनच, ही रीत तशीच राहिली.

गावाची संमती घेणं बंधनकारक नाही. ग्रामसभेनं विरोधाचा ठराव घेतला तरी अधिसूचना निघू शकते. कोर्टात गेलं तरी फार हाती लागत नाही. कल्याण महापालिकेच्या हद्दीवरून सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे. अशी संस्था स्थापन करणं हे कायदा करण्यासारखंच काम आहे, त्यात प्रत्येकाला बोलावून सुनावणी द्यायचं बंधन शासनावर नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

पण दार पूर्ण बंद नाही. एक फट आहे आणि तुमच्या हातात तीच आहे. ते ३० दिवस. आलेल्या हरकतींचा विचार शासनाला करावाच लागतो, आणि तो विचार कशाच्या आधारे व्हायचा हे कायद्यात लिहिलंय. १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३४१ अ वाचा. नगरपंचायतीसाठी लोकसंख्या १० ते २५ हजार पाहिजे, त्यात तुम्ही बसता. दुसरी अट बिगरशेती रोजगाराची. महापालिका किंवा अ वर्ग नगर परिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत गाव असेल तर किमान २५ टक्के लोक शेतीबाहेरच्या कामात असले तरी चालतं. त्यापलीकडं असेल तर ५० टक्के लागतात. अ वर्ग म्हणजे एक लाखाच्या वरची नगर परिषद. जालना आणि परभणी दोन्ही महापालिका आहेत, पण तुम्ही म्हणता तसं मधोमध असाल तर दोन्हींपासून २५ च्या बाहेर आहात. तालुक्याच्या गावांसाठी शासनानं २०१४ साली सरसकट नगरपंचायती करायचं ठरवलं होतं, तुमचं गाव तालुका नाही. म्हणजे तुम्हाला ५० टक्क्यांची अट लागू होते.

तुमच्या गावात निम्म्याहून जास्त कामकरी माणसं शेती आणि शेतमजुरीवर आहेत का? असतील तर भावनेवर एक ओळही लिहू नका, हा एकच मुद्दा आकड्यांनिशी मांडा. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात काम करणाऱ्यांचे चार रकाने असतात. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. पहिले दोन मिळवून बघा. शिवाय स्वतः घरोघर मोजणी करा, २०११ चा आकडा आता जुना झाला असं समोरचा म्हणणारच.

बालाघाटची_लेक | मंगळवार, दुपारी २:२०

माझं माहेर बीडकडच्या डोंगरपट्ट्यातलं. आमच्या गावची नगरपंचायत होऊन आता बरीच वर्षं झाली. ताईंना दोन्ही बाजू माहीत असाव्यात म्हणून लिहायलेय.

चांगलं आधी. सिमेंटचे रस्ते झाले. कचऱ्याची गाडी येते. घरकुलाला ग्रामीण यादीत १ लाख २० हजार मिळायचे, शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळाले, त्यात माझ्या चुलतभावाचं घर उभं राहिलं. हे खोटं कसं म्हणू?

गेलं काय ते सांगते. आधी अंतिम अधिसूचना निघाली, त्याच दिवशी सरपंच-सदस्य घरी. तहसीलदार प्रशासक म्हणून आले, ते आधीच तालुक्याच्या कामात बुडालेले. पहिली निवडणूक होईपर्यंत सांगायचं कुणाला हेच कळेना. निवडणूक झाली, १७ वॉर्डांतून १७ नगरसेवक आले. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान मात्र बंद झालं, कारण आता आपण शहरी. शाळा अजून जिल्हा परिषदेचीच आहे. म्हणजे पोरं ज्यांच्या शाळेत जातात त्यांना निवडायला आपलं मत नाही.

आणि ग्रामसभा गेली. माझी आई पाचवी शिकलेली. ती ग्रामसभेत उभी राहून विचारायची, टाकीचं पाणी खालच्या आळीला येतंय, आमच्याकडं कधी? सरपंचाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं, प्रोसिडिंगमधे लिहावं लागायचं. आता नगरपंचायतीची सभा बंद खोलीत होते. आईनं एकदा अर्ज लिहून नेला, तर बारनिशीत, म्हणजे आवक वहीत घेतला, पोच दिली, पुढं काही नाही. पाण्यापेक्षा तिला त्याचंच वाईट वाटलं. म्हणाली, मला कुणी नाही सुद्धा म्हणलं नाही.

दुधनाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:५०

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणून विचारतो. सर, नगराध्यक्ष तर थेट लोकांतून निवडला जातो ना? मग तो लोकांचाच झाला की. आणि महापौर का थेट निवडत नाहीत?

जुना_मुख्याधिकारी | मंगळवार, रात्री ८:३०

चांगला प्रश्न आहे, आणि ताईंच्या दुखण्याचं मूळही इथंच आहे.

थेट नगराध्यक्ष राज्यात २००१ च्या सुमारास आला, काही वर्षांनी गेला. २०१६ ला परत आला. २०२० ला रद्द झाला. २०२२ ला पुन्हा लागू झाला. सरपंचाचंही तसंच, २०१७ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. २०१६ पासून तर मुंबईत सरकार बदललं की गावातली पद्धत बदलली. मी खुर्चीवर असताना एकाच नगरपालिकेत नगरसेवकांनी निवडलेला अध्यक्ष पाहिला आणि थेट आलेलाही पाहिला. दोन्हींत गुण आहेत. थेट आलेल्याला रोज पाठिंबा सांभाळत बसावं लागत नाही, पण सभागृहात बहुमत दुसऱ्या गटाचं असलं की वर्ष वर्ष विषयपत्रिका अडकते. कुठली पद्धत बरी यावर वाद होऊ शकतो. पण त्या वादात त्या गावच्या माणसाला एकदाही बोलावलं गेलं नाही.

महापौराची गोष्ट वेगळी. आपल्या महापालिकांत महापौर अडीच वर्षांचा, नगरसेवकांनी निवडलेला, मान मोठा. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडं, आणि आयुक्त शासन पाठवतं. मुंबईत १९९८ च्या सुमारास महापौर परिषद करून पाहिली, म्हणजे महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ. वर्षभरात गुंडाळली. कोलकात्यात ती पद्धत १९८० च्या दशकापासून चालू आहे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्यासाठी लोकांचं मतदान घेतलेलं आहे, चिठ्ठीवर 'खाली कुर्सी' आणि 'भरी कुर्सी'. तुमच्या उभ्या-आडव्या बाटलीसारखंच, ताई. म्हणजे अशा प्रश्नावर साधं चित्र दाखवून लोकांचं मत घेता येतं. ते आपल्या देशातच झालंय.

देवळाईकर | मंगळवार, रात्री १०:१०

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेकडं सातारा-देवळाई आहे. आमच्या ग्रामपंचायती होत्या. २०१४ ला नगर परिषद झाली. २०१५ ला ती मोडून महापालिकेत घेतलं. शेजारणीनं नळाचा अर्ज एका नावानं लिहिला, तो द्यायला जाईपर्यंत कार्यालयाची पाटी बदललेली. ह्या दोन्ही वेळा मतदान नव्हतं.

आणि शहराचंच बघा. महापालिका स्थापन झाली ८ डिसेंबर १९८२ ला, पहिली निवडणूक १९८८ ला. पुन्हा एप्रिल २०२० ला मुदत संपली, मग जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासक. म्हणजे जन्मताना पाच वर्षांहून जास्त आणि आता जवळपास सहा वर्षं निवडून आलेलं सभागृहच नाही. घटनेत तर पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणून लिहिलंय. जालन्याची महापालिका २०२३ ला झाली, पहिली निवडणूक तिचीही जानेवारी २०२६ ला. प्रशासक हीसुद्धा कारभाराची एक पद्धतच झाली की. ती आपण कधी निवडली?

उदगीर_ते_एडिसन | बुधवार, सकाळी ६:३०

मूळचा उदगीरचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. ताईंचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण इथं नेमका हाच हक्क लोकांना आहे आणि मी कधी त्याचा आपल्या गावाशी संबंध जोडला नव्हता.

इथं १९५० चा कायदा आहे. कारभाराचे चार-पाच साचे त्यात दिलेत. महापौर बलवान असलेला, व्यवस्थापक नेमून त्याच्याकडून काम करून घेणारा, असे. कुठला साचा आपल्या गावाला, हे रहिवासी ठरवू शकतात. नोंदणीकृत मतदारांच्या सह्यांचा अर्ज करायचा. ७ हजारांपर्यंतच्या गावात २५ टक्के सह्या, ७० हजारांपर्यंत २० टक्के, त्यावर १० टक्के. मग निवडणुकीत दोन गोष्टी एकाच चिठ्ठीवर येतात. अभ्यास समिती नेमायची का? आणि नेमायची तर हे पाच सदस्य कोण? समितीनं नऊ महिन्यांत अहवाल द्यायचा, त्यासाठी जाहीर बैठका घ्यायच्या. बदल सुचवला तर तो पुन्हा लोकांच्या मताला जातो. लोक नाही म्हणाले की विषय संपला.

ही सवय इथं कशी लागली तेही सांगतो. टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन १९०० च्या सप्टेंबरात वादळात उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. शहर पुन्हा उभं करायला जुनी नगरपालिका पुरेना, म्हणून थोड्या आयुक्तांची मंडळी आली, एकेक जण एकेक खातं बघणार. ती पद्धत देशभर गेली. ओहायोतल्या डेटनला मार्च १९१३ ला महापूर आला, त्याच वर्षी तिथल्या लोकांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची नियमावली, मंजूर केली आणि १९१४ पासून तज्ज्ञ व्यवस्थापकाकडं कारभार दिला. आणि ओरेगनमधलं पोर्टलंड बघा. १९१३ पासून तिथं खातेवाटपाची जुनी पद्धत होती. तिथं सनदेचा फेरविचार करायला दर १० वर्षांनी रहिवाशांची समिती नेमावी लागते. २० जणांच्या समितीनं बदल सुचवला, नोव्हेंबर २०२२ ला मतदान झालं, लोक हो म्हणाले. आता चार विभागांतून १२ नगरसेवक आणि कारभाराला प्रशासक. इंग्लंडमधे शेफील्डच्या लोकांनी सह्या गोळा करून मे २०२१ ला असंच मतदान घ्यायला लावलं आणि पद्धत बदलली.

इथं सगळं उत्तम आहे असं म्हणत नाही. सह्या गोळा करायला पैसा ओतणारे असतात, मतदानाला निम्मे लोक येत नाहीत. पण 'आम्हाला कुणी विचारलं नाही' हे वाक्य इथं या विषयात म्हणता येत नाही. बालाघाटच्या ताईंच्या आईंचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

मोंढा_गाळा_१२ | बुधवार, सकाळी ९:००

दादा, पण तिथं नगरपालिकेकडं स्वतःचा पैसा असंल. आपल्याकडं सगळा निधी वरून येतो, मग पद्धत वरून ठरली तर नवल काय? आणि ताई, मतदान घेतलं आणि गाव नाही म्हणालं, तर माझ्या मोंढ्याच्या नालीचं काय? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत ती होत नाही, हे तुम्ही सदस्य असताना पाहिलं असंल.

लिंबाखाली | बुधवार, दुपारी १:१५

पाहिलंय, दादा. माझ्याच काळात नालीचा ठराव तीनदा घेतला, गुत्तेदारानं अर्धी खोदून सोडली. तुमची नाली व्हायलाच पाहिजे. मी नगरपंचायतीच्या विरोधात आहे असं मी कुठंच लिहिलेलं नाही. गावानं ठरवून हो म्हटलं तर मी पहिली पेढे वाटीन. माझं म्हणणं एवढंच, की ठरवू गावाला द्या. आणि गावाला हो म्हणायचं तर आधी कळलं पाहिजे, काय मिळणार, काय जाणार. आमच्या गावात विचारा, निम्म्या लोकांना वाटतं नगरपंचायत म्हणजे नुसतं नाव बदलणार. जमिनीवर आरक्षण पडू शकतं हे तर मलाही काल समजलं. सर, त्याबद्दल थोडं सांगाल का?

जुना_मुख्याधिकारी | बुधवार, दुपारी ३:४०

नगरपंचायत झाली की ती नियोजन प्राधिकरण होते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणं विकास आराखडा करते. त्यात रस्ता, बाग, शाळा, भाजी मंडई यांसाठी जागा राखून ठेवतात, आणि त्या जागा म्हणजे कुणाची तरी वावरं असतात. आरक्षण पडलं की तिथं दुसरं काही बांधता येत नाही. मंजूर आराखड्याला १० वर्षं होऊनही जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. पण तोवर एका पिढीचं लग्नकार्य, वाटणी सगळं अडकून राहिलेलं मी पाहिलंय. आराखड्यावरही हरकती मागवतात. गावठाणाला लागून ज्यांचं रान आहे त्यांनी तेव्हा झोपून चालणार नाही. आणि आराखडा नसला तर मोंढा_गाळा_१२ यांच्या नालीचं पाणी कुठं न्यायचं हेही ठरत नाही. दोन्ही खरं आहे.

आणखी एक. महापालिकांच्या लोकांसाठी लिहितो. तीन लाखांवर लोकसंख्या असली की घटनेच्या २४३ एस कलमानं प्रभाग समित्या लागतात, आणि आपल्या कायद्यात त्या समित्यांवर सामाजिक संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात. क्षेत्र सभेची, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेची, तरतूदही २००९ साली कायद्यात आली. पद्धत बदलता येत नसली तरी असलेल्या पद्धतीतलं हे पान उघडायला लावा. नगरपंचायतीला मात्र यातलं काही नाही. १४ हजारांच्या गावाची ग्रामसभा गेली की तिच्या जागी काहीच येत नाही. ताईंनी हरकतीत हे जरूर लिहावं.

लिंबाखाली | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, दहा दिवस गायब होते, माफ करा. काय काय झालं ते सांगते.

सरपंचांनी विशेष ग्रामसभा लावली. शंभराची गणपूर्ती लागते, आली साडेतीनशेच्या वर माणसं. लिंबाखाली जागा पुरेना, लोक देवळाच्या ओट्यावर, टपऱ्यांच्या पत्र्याखाली. त्याआधी सकाळी महिलांची सभा. मी तो फळ्यावरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मग घरकुलाचे अडीच लाख, जिल्हा परिषदेचं मत, आराखडा, प्रशासक, सगळं इथं वाचलं तसं सांगितलं. जे बाजूनं बोलणार होते त्यांनाही बोलू दिलं. मेडिकलवाल्या भाऊंनी नगरपंचायत का पाहिजे हे फार नीट सांगितलं. चांगला मुद्दा होता त्यांचा, बाळंतिणीला घेऊन जाताना रस्त्यात गाडी फसली होती.

मग मोजणी. बारावीच्या आणि कॉलेजच्या २६ पोरापोरींनी वॉर्ड वाटून घेतले. प्रत्येक घरी चारच प्रश्न. कामाला जाणारी माणसं किती? स्वतःच्या रानात किती, दुसऱ्याच्या रानात मजुरीला किती, बाकी कामात किती? पहिल्या दिवशी गोंधळ झाला. बायकांना कुणी धरलंच नाही. घरातला बाप्या सांगायचा, 'मी हमाल आहे, मोंढ्यात', आणि पोरं एकच नाव लिहून पुढं. बायको रोज निंदणीला जाते ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सगळी घरं परत केली, या वेळी बाईला विचारायचं असा नियम केला. तीन वॉर्डांतल्या मजुरांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. सर, तुम्ही म्हणालात तो मुद्दा कागदावर असा उतरला. तीन वस्त्या अजून राहिल्यात, ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपं आहेत. त्यांचं काय करायचं?

हरकत दोन पानांची झाली. पहिल्या पानावर कलम ३४१ अ आणि आकडे. दुसऱ्या पानावर एक मागणी, ती शब्दशः देते:

'दारूचे दुकान बंद करण्यासाठी शासन ज्या पद्धतीने महिला मतदारांचे गुप्त मतदान घेते, त्याच पद्धतीने आमच्या गावातील सर्व मतदारांचे मतदान घ्यावे आणि बहुमताचा निकाल येईपर्यंत अंतिम अधिसूचना काढू नये.'

आणि काल संध्याकाळी एक गोष्ट झाली. ते मेडिकलवाले भाऊ घरी आले. म्हणाले, ताई, पहिल्या पानावर मी सही करणार नाही, मला नगरपंचायत पाहिजे. पण दुसरं पान वेगळं काढून द्या, त्याच्यावर करतो. आम्ही रात्रीतून दुसरं पान स्वतंत्र अर्ज म्हणून टाइप केलं.

मोंढा_गाळा_१२ | रविवार, सकाळी ८:१०

ताई, तुमच्या गावचा मतदार असतो तर तसल्याच अर्जावर माझीही सही असती. आमच्या गावचा कागद लागला की तुमचा अर्ज मागून घेईन.

जुना_मुख्याधिकारी | रविवार, सकाळी ८:४५

कुलपं असलेली घरं वेगळ्या यादीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या आणि ऊसतोड मजूर म्हणून नोंदवा. तेही शेतीचंच काम आहे, वगळू नका. कोयता कुठल्या कारखान्याला गेला ते मुकादमाला विचारलं तर तो नावानिशी सांगेल.

मतदानाच्या मागणीबद्दल. शासनावर ती मान्य करायचं बंधन नाही, हे मी आधी लिहिलंय. पण लोकांचं मत अजमावू नये असंही कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. अशी मागणी माझ्या टेबलावर कधी आली नव्हती. आली असती तर मी शेरा मारून वर पाठवली असती.

एक सांभाळा. सगळ्या हरकती एका गठ्ठ्यात देऊन एकच पोच घेऊ नका. नसता दप्तरात एकच हरकत म्हणून चढते. प्रत्येक अर्जाला वेगळा आवक क्रमांक, वेगळा शिक्का, आणि पोचेवर तारीख दिसली पाहिजे.

लिंबाखाली | रविवार, सकाळी ९:३०

समजलं सर. मुकादमाचा नंबर मिळालाय. उद्या दोन मोटारसायकली वस्त्यांवर जातील, आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही ११ जणी जिल्ह्याला जाणार, प्रत्येकीच्या हातात ४०-४० अर्ज. शिक्के बसेपर्यंत खिडकीपुढून हलायचं नाही असं ठरलंय. भाकरी बांधून नेणार आहोत.